जर्सी कोणाची?

दिवाळी पंधरा दिवसांवर आली की घरोघर कपड्यांचा विषय निघतो. आमच्याकडेही निघाला. सौ.ने नातवासाठी झब्ब्याचे कापड आणून ठेवले होते. चिरंजीवांनी ते हातात घेऊनसुद्धा पाहिले नाही. त्यांना हवी होती जर्सी.

“अरे, गेल्या दिवाळीला घेतली ती कुठे गेली?” मी विचारले.

“ती जुनी झाली, आजोबा.”

मी कपाटातून ती काढून पाहिली. शिवण उसवली नव्हती, रंग विटला नव्हता, आणि मुलगाही वर्षभरात दोन बोटांहून अधिक वाढलेला नव्हता. मग जुनी कशी? उलगडा नंतर झाला. त्याच्या आवडत्या संघाने यंदा बाहीवरचा पट्टा बदलला होता आणि छातीवरच्या जाहिरातदाराचे नावही. संघाचे नाव मी सांगत नाही. सणासुदीच्या दिवसांत कोणाशी भांडण नको, आणि खरे सांगायचे तर हा दोष एका संघाचा नाहीच. पण त्या धडधाकट जर्सीकडे पाहताना माझ्या मनात एक प्रश्न येऊन बसला, तो काही केल्या उठेना. हे कापड नक्की कोणाचे? पैसे मी मोजले, घालतो नातू; पण ते कधी जुने व्हायचे हे ठरवतो तिसराच कोणी. आज तो पट्टा बदलतो आहे. उद्या त्याने संघच उचलून दुसऱ्या गावी नेला, तर आम्ही काय करायचे?

कोणी म्हणेल, आजोबांना खेळापेक्षा कपड्याचेच पडले आहे. आरोप मला मान्य आहे. चाळीस-पन्नास वर्षे खेळ पाहिल्यावर माझे मत असे झाले आहे की, चाहता ज्याला ‘आपला संघ’ म्हणतो त्यात टिकाऊ अशा तीनच गोष्टी असतात: गाव, नाव आणि रंग. खेळाडू पाच-दहा वर्षांत बदलतात. शिक्षक बदलतात, मालक बदलतात. गेल्या पिढीतला संघ आणि आजचा संघ यांत एकही माणूस सारखा नसतो. तरी आपण म्हणतो ‘आपण’ जिंकलो. हे ‘आपण’ कापडावर उभे असते. म्हणून कापडाची समीक्षा करणे हा काही रिकामटेकडा उद्योग नव्हे.

आणि ही समीक्षा करायची तर अमेरिकेत जावे लागते, कारण संघाने बिऱ्हाड हलवण्याची कला त्या देशाइतकी कोणी वाढवली नाही. तिथली व्यवस्था थोडक्यात अशी. लीगमध्ये संघ मोजके. प्रत्येक संघ म्हणजे एक फ्रँचायझी, आपल्या भाषेत परवाना. तो मालकाच्या मालकीचा, गावाच्या नव्हे. गावे पुष्कळ आणि संघ थोडे, त्यामुळे एखादे संघ नसलेले गाव नेहमी दाराशी उभेच असते. मालक आपल्या गावाला सांगतो, ‘नवे क्रीडांगण बांधून द्या, नाहीतर ते पाहुणे बोलावताहेत.’ घरजावयाने रोज उठून दुसऱ्या सासऱ्याचे पत्र दाखवावे, तसा हा प्रकार. गाव कधी कर्ज काढून क्रीडांगण बांधते, कधी हट्टाला पेटते. दोन्ही वेळा निर्णय होतो कचेरीत, आणि पोरगा टोपी घालून अंगणात रडतो.

या कथेचे आद्यपीठ म्हणजे ब्रुकलिन. न्यूयॉर्क शहराचा हा भाग, आणि त्याचा बेसबॉलचा संघ डॉजर्स. डॉजर म्हणजे चुकवणारा. एके काळी ब्रुकलिनच्या रस्त्यांवर ट्रामगाड्यांचे इतके जाळे होते की तिथल्या माणसांना ‘ट्राम चुकवणारे’ हेच नाव पडले आणि ते संघाला चिकटले. म्हणजे नाव अस्सल गल्लीतले, कोणा जाहिरात कंपनीने कोरून दिलेले नव्हे. याच संघातून १९४७ मध्ये जॅकी रॉबिन्सन हा कृष्णवर्णी खेळाडू मैदानात उतरला आणि त्या काळातल्या बेसबॉलच्या वरिष्ठ लीगमधली वर्णभेदाची भिंत कोसळली. संघाने पुन्हा पुन्हा अंतिम सामन्यांत हार खाल्ली, आणि १९५५ मध्ये एकदाचे जगज्जेतेपद मिळवले. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९५७ च्या मोसमाअखेर, मालक वॉल्टर ओमॅली यांनी संघ उचलला आणि थेट लॉस एंजलिसला, खंडाच्या दुसऱ्या टोकाला नेला. एबेट्स फील्ड या जुन्या मैदानावरचा शेवटचा सामना २४ सप्टेंबर १९५७ रोजी झाला. १९६० मध्ये ते मैदान पाडले गेले आणि तिथे राहत्या इमारती उभ्या राहिल्या.

ओमॅली यांना खलनायक करणे सोपे आहे, आणि ब्रुकलिनने ते काम आनंदाने केले. पण समीक्षकाने दुसरी बाजूही पाहावी. त्यांना ब्रुकलिनमध्येच नवे क्रीडांगण हवे होते. त्यांनी मागितलेली जागा शहराच्या बांधकामांवर हुकमत असलेले रॉबर्ट मोझेस द्यायला तयार नव्हते. ते बोट दाखवत होते शेजारच्या क्वीन्सकडे. आणि त्या शेवटच्या सामन्याला माणसे किती आली होती? ६,७०२. मैदान बत्तीस हजारांचे. पुढे जन्मभर उसासे टाकणारे इतके सारे लोक त्या दिवशी कुठे होते, हा प्रश्न निष्ठुर आहे, पण विचारलाच पाहिजे. आपल्याकडे आजारी माणसाला भेटायला जायचे राहून जाते आणि दहाव्याला गर्दी होते, त्यातलीच ही गत.

आता कपड्याकडे वळू. डॉजर्सनी गाव सोडले, पण कपडे तेच ठेवले. छातीवरची निळी वळणदार अक्षरे तीच, आणि १९५२ मध्ये पुढच्या बाजूला आलेला तांबडा आकडाही तोच. बदलले ते टोपीवरचे अक्षर. बेसबॉलमधला हा सर्वांत देखणा पोशाख आहे असे माझे मत आहे, आणि त्याचे कारण शिंप्याची कला नसून संयम आहे. पिढ्या गेल्या, पण त्यांनी तो मुळात बिघडवला नाही. तरीही ब्रुकलिनच्या माणसाला तो पाहून काय वाटले असेल, याचा विचार करावा. आपल्या घरातून गेलेली पैठणी दुसऱ्याच्या अंगावर पाहिली, तर ती सुंदर आहे म्हणून दुःख कमी होत नाही, उलट वाढतेच.

नावाचेही तसेच. लॉस एंजलिसमध्ये ब्रुकलिनची ट्राम कोण चुकवणार? मिनियापोलिस हे तळ्यांच्या प्रदेशातले शहर. तिथल्या बास्केटबॉल संघाचे नाव लेकर्स, म्हणजे तळेकर म्हणा. १९६० मध्ये तळेकर लॉस एंजलिसला गेले आणि तळ्यांवाचून तळेकरच राहिले. न्यू ऑर्लिन्स हे जॅझ संगीताचे माहेर. तिथला जॅझ नावाचा संघ १९७९ मध्ये युटा राज्यात सॉल्ट लेक सिटीला गेला. धर्मनिष्ठ, शांत गाव, आणि संघाचे नाव रात्रीच्या मैफलीचे!

आपल्याला यात हसण्यासारखे काही नाही. आपले निम्मे आडनावकोश असेच भरले आहेत. एखादे पुणतांबेकर तीन पिढ्या परळला राहतात, आणि एखादे चिपळूणकर नागपुरात जन्मून तिथेच निवृत्त होतात. गाव सुटते, ‘कर’ सुटत नाही. पण एक फरक आहे. पुणतांबेकर मुंबईला आले म्हणून पुणतांब्याचे नाव कोणी काढून घेतले नाही. पुणतांबे जागच्या जागी राहिले. संघ जातो तेव्हा मात्र तो गावाचे नाव पुसून उरलेले सगळे घेऊन जातो.

ब्रुकलिनच्या कथेला एक शेपूट आहे, ते मला फार आवडते. डॉजर्सबरोबर न्यूयॉर्कचा जायंट्स हा दुसरा संघही त्याच वेळी सॅन फ्रान्सिस्कोला गेला होता. १९६२ मध्ये न्यूयॉर्कला मेट्स नावाचा नवा संघ मिळाला, तेव्हा त्याच्या पोशाखाला निळा रंग डॉजर्सचा घेतला आणि नारिंगी जायंट्सचा. गेलेल्या माणसांच्या धोतर-लुगड्यांची आजी गोधडी शिवते आणि नातवंडे ती पांघरून झोपतात, तशी ही गोधडी. पहिल्याच वर्षी हा संघ १२० सामने हरला. पण गोधडीला कोणी युद्धात यश मागत नाही. ती उबेसाठी असते.

यापुढची कथा बाल्टिमोरची, आणि ती मला थोडी जवळून ठाऊक आहे. काही वर्षांपूर्वी माझ्या भाच्याकडे, बाल्टिमोरजवळ, तीन महिने राहण्याचा योग आला होता. तिथल्या फुटबॉलमध्ये पायाचा संबंध बेताचाच असतो. लांबट चेंडू हातात धरून, डोक्यावर शिरस्त्राण घालून एकमेकांवर आदळायचे, असा तो खेळ. पण त्या शहराचे प्राण त्यात अडकलेले. त्यांच्या संघाचे नाव कोल्ट्स, म्हणजे शिंगरे. कारण बाल्टिमोर घोड्यांच्या शर्यतींचे शहर. शिरस्त्राण पांढरे, त्यावर निळा घोड्याचा नाल. एवढे साधे आणि एवढे अर्थपूर्ण चिन्ह मी दुसरे पाहिलेले नाही.

२८ मार्च १९८४ च्या रात्री हा संघ गावातून पळाला. पळाला हाच शब्द बरोबर आहे. मालक रॉबर्ट अर्से आणि शहर यांच्यात क्रीडांगणावरून वर्षानुवर्षे तंटा चालला होता. संघ सरकारने ताब्यात घ्यावा, अशा कायद्याची तयारी मेरीलँडच्या विधिमंडळात झाली. ते कळताच रातोरात सामानाचे ट्रक आले, सामान भरले गेले, आणि पहाटेपर्यंत ते वेगवेगळ्या वाटांनी इंडियानापोलिसकडे निघाले. भाडे थकवलेला भाडेकरू रात्री बिऱ्हाड हलवतो, हे आपण ऐकले आहे. इथे हलवले ते तीस वर्षांचे दैवत. इंडियानापोलिस हे मोटारींच्या शर्यतींचे शहर. तिथे आजही शिंगरे खेळतात आणि शिरस्त्राणावर तोच नाल आहे. बाल्टिमोरसाठी आयुष्य वेचलेल्या जॉनी युनिटास या थोर खेळाडूने त्या नव्या गावच्या संघाशी कसलाही संबंध ठेवला नाही. तो २००२ मध्ये वारला, तो बाल्टिमोरचा म्हणूनच.

पण त्या रात्री एक गोष्ट ट्रकमध्ये चढायची राहिली. संघाचे एक वाद्यपथक होते, १९४७ मध्ये स्थापन झालेले. त्या पथकाचे गणवेश तेव्हा धुलाईच्या दुकानात होते! पथकाच्या लोकांना पत्ता लागला. त्यांनी गणवेश परस्पर हलवले आणि धोका टळेपर्यंत एका दफनभूमीत लपवून ठेवले. पुढे बारा वर्षे त्या शहराला त्या लीगचा संघ नव्हता, पण वाद्यपथक होते. ते मिरवणुकांत वाजवी, दुसऱ्यांच्या सामन्यांत मध्यंतराला वाजवी. नवरदेवावाचून वरात बारा वर्षे चालू राहिली. १९९४ मध्ये कॅनडाच्या लीगचा एक संघ बाल्टिमोरला आला आणि त्याने कोल्ट्स हे नाव घेऊ पाहिले, तर न्यायालयाने मनाई केली. जे नाव गावाच्या घोड्यांवरून पडले ते गावाला वापरता येईना. कायद्याच्या दृष्टीने ते बरोबर असेल. पण कायदा आणि न्याय या सख्ख्या बहिणी नाहीत, असे अशा वेळी वाटते.

इथपर्यंत बाल्टिमोरविषयी डोळे भरून येतात. पुढचा भाग मात्र अवघड आहे. ६ नोव्हेंबर १९९५ रोजी क्लीव्हलँड ब्राउन्स या संघाचे मालक आर्ट मॉडेल यांनी आपण संघ दुसरीकडे नेत असल्याचे जाहीर केले. कुठे? बाल्टिमोरला. क्लीव्हलँड हे तर निष्ठेसाठी नावाजलेले गाव. पोशाख तपकिरी आणि नारिंगी. शिरस्त्राण नारिंगी, आणि त्यावर चिन्ह कसलेच नाही, बोडके. पाहुण्याला तो पोशाख रुचणार नाही, पण ज्याला घरचे म्हणतात ते असेच असते. १७ डिसेंबर १९९५ रोजी शेवटचा घरचा सामना झाला. संघ जिंकला, आणि लोकांनी क्रीडांगणातल्या बैठका उखडून काढल्या. खेळाडू कठड्यापाशी जाऊन लोकांना मिठ्या मारत होते.

म्हणजे ज्या शहराचे घर रात्री लुटले गेले होते, त्याच शहराने अकरा वर्षांनी दुसऱ्याचे घर उचलून आणले.

बाल्टिमोरला भाच्याच्या शेजारी एक वृद्ध गृहस्थ राहत. त्यांच्या दिवाणखान्यात युनिटासचे छायाचित्र होते. इंडियानापोलिस हे नाव ते उच्चारत नसत. ‘ते गाव’ म्हणत. १९८४ ची ती रात्र त्यांनी मला इतक्या बारकाव्याने सांगितली की घरातले कोणी गेल्याची हकीकत ऐकतो आहे असे मला वाटले. त्या वेळी त्यांच्या अंगावर नव्या संघाची जांभळी जर्सी होती. मी भीत भीत विचारले, “आणि क्लीव्हलँडचे काय?” त्यांनी कॉफीचा पेला हातात फिरवला, थोडा वेळ खिडकीबाहेर पाहिले, आणि यंदा थंडी लवकर पडणार असे सांगितले. मी पुन्हा विचारले नाही. माणूस दुष्ट नव्हता, खोटाही नव्हता. त्याला इतकी वर्षे भूक लागली होती, आणि समोर आलेले ताट कोणाचे आहे हे विचारण्याचे धैर्य त्याला झाले नाही. मला तरी झाले असते का?

यातून एक चांगली गोष्ट मात्र निघाली. क्लीव्हलँड गप्प बसले नाही. शहराने खटला भरला, लोकांनी लीगच्या कचेरीवर पत्रांचा आणि फॅक्सचा भडिमार केला. १९९६ मध्ये तडजोड झाली ती अशी: मालकाने माणसे घेऊन जावीत, पण ब्राउन्स हे नाव, तपकिरी-नारिंगी रंग आणि आजवरचा सारा इतिहास गावातच राहील, आणि गावाला नवा संघ मिळेल. तो १९९९ मध्ये मिळाला. लेक गेली, पण स्त्रीधन घरात राहिले, असे उलटे लग्न! बाल्टिमोरला नवे नाव शोधावे लागले. वर्तमानपत्राने वाचकांचा कौल घेतला आणि त्यांनी निवडले रेव्हन्स, म्हणजे डोमकावळे. कशावरून? एडगर अ‍ॅलन पो या कवीच्या ‘द रेव्हन’ या प्रसिद्ध कवितेवरून. हा कवी १८४९ मध्ये बाल्टिमोरलाच वारला आणि तिथेच त्याला मूठमाती मिळाली. एका आडदांड खेळाच्या संघाला कवितेवरून नाव मिळावे, याचे आमच्यासारख्या साहित्याच्या वाचकांना अप्रूप वाटले पाहिजे. ते जुने वाद्यपथकही या संघाला मिळाले.

क्लीव्हलँडच्या या निवाड्याला मी फ्रँचायझीच्या इतिहासातला सर्वांत शहाणा निवाडा मानतो. २००८ मध्ये सिएटलचा सुपरसॉनिक्स हा ४१ वर्षांचा बास्केटबॉल संघ ओक्लाहोमा सिटीला गेला, तेव्हाही नाव आणि हिरवे-सोनेरी रंग सिएटलसाठी मागे ठेवले गेले. जिथे असे होत नाही तिथे काय घडते, ते ह्यूस्टनला विचारा. तिथला फुटबॉल संघ ऑइलर्स. पोशाख फिकट आकाशी, शिरस्त्राणावर तेलविहिरीचा मनोरा. १९९७ मध्ये हा संघ टेनेसी राज्यात गेला आणि १९९९ पासून त्याचे नाव टायटन्स झाले. पुढे ह्यूस्टनला दुसरा, नवा संघ मिळाला. डिसेंबर २०२३ मध्ये या दोन संघांची गाठ पडली, तेव्हा टायटन्स मैदानात उतरले ते ऑइलर्सच्या जुन्या आकाशी पोशाखात! ह्यूस्टनच्या लोकांनी आपले बालपण प्रतिस्पर्ध्याच्या अंगावर पाहिले. कायद्याने कपडे टायटन्सचेच होते. सामना ह्यूस्टनने जिंकला एवढाच काय तो दिलासा.

सगळ्यांत करुण प्रकार मात्र अ‍ॅथलेटिक्स या बेसबॉल संघाचा. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर म्हणतात ते याला शोभते. १९०१ मध्ये फिलाडेल्फियात जन्म, १९५५ मध्ये कॅन्सस सिटी, १९६८ मध्ये ओकलंड. हिरवा आणि सोनेरी पोशाख कॅन्सस सिटीत १९६३ मध्ये अंगावर चढला आणि ओकलंडने तो आपला मानला. पुढे लास व्हेगासला जाण्याचे घाटू लागले, तेव्हा १३ जून २०२३ रोजी ओकलंडच्या चाहत्यांनी बहिष्कार उलटा केला. घरी न बसता त्यांनी ठरवून क्रीडांगण भरले. हिरव्या सदऱ्यांवर एकच शब्द होता: ‘विका’. मालकाने संघ दुसऱ्या कोणाला विकावा, पण गावात ठेवावा, अशी ती मागणी. गर्दी झाली २७,७५९ लोकांची. चाहत्याने आपला गणवेश आपण शिवल्याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही. पण मालकाने ऐकले नाही. २६ सप्टेंबर २०२४ रोजी ४६,८८९ लोकांच्या साक्षीने शेवटचा सामना झाला. व्हेगासचे क्रीडांगण तयार होईपर्यंत संघ सॅक्रामेंटोत खेळायला गेला, आणि त्याने आपल्या नावामागे गाव लावलेच नाही. नुसते अ‍ॅथलेटिक्स. पत्ता नसलेले पाकीट.

मग यावर उपाय काय? दोन गावांनी तो दाखवला आहे. लंडनच्या विम्बल्डन भागातला फुटबॉल क्लब, हा खरा पायाने खेळायचा फुटबॉल, १९८८ मध्ये लिव्हरपूलला हरवून एफए कप जिंकलेला. २८ मे २००२ रोजी तीन जणांच्या आयोगाने त्याला सुमारे ९० किलोमीटरवरच्या मिल्टन कीन्सला जायची परवानगी दिली. इंग्लंडमध्ये असे सहसा होत नाही. तिथे क्लब म्हणजे गावचे ग्रामदैवत. चाहते थोडे रडले आणि मग त्यांनी नवाच क्लब काढला. विम्बल्डनच्या माळावर खेळाडूंची निवड केली, निळा-पिवळा रंग घेतला, आणि नवव्या पायरीपासून सुरुवात केली. नऊ वर्षांनी, २०११ मध्ये, हा क्लब वरच्या चार लीगांत पोचला. २००७ मध्ये मिल्टन कीन्सने जुन्या इतिहासावरचा हक्क सोडला, आणि नोव्हेंबर २०२० मध्ये नवा क्लब जुन्या प्लाउ लेनवर, मूळ मैदानाच्या जवळच, आपल्या घरी आला.

दुसरे गाव अमेरिकेतलेच, ग्रीन बे. लोकसंख्या लाखाच्या आसपास, आपल्या एखाद्या तालुक्याच्या शहराएवढी. १९१९ मध्ये तिथे फुटबॉलचा संघ निघाला, तेव्हा डबाबंद मांसाच्या एका कंपनीने गणवेशासाठी ५०० डॉलर दिले. म्हणून नाव पडले पॅकर्स. म्हणजे पाहा, जाहिरातदाराचे नाव मिरवणे हे आजचे पाप नव्हे! पण १९२३ पासून हा संघ गावकऱ्यांच्या भागांवर चालतो. आज भागधारक पाच लाखांहून अधिक आहेत. त्यांना लाभांश मिळत नाही, भाग नफ्यासाठी विकताही येत नाही. सहकार म्हणजे काय हे आपल्याला कोणी शिकवायला नको. दूध आणि साखर आपण सहकाराने काढली. खेळ मात्र तसा काढावा, हे आपल्या मनात आले नाही.

आपल्याकडे पूर्वी प्रश्न वेगळा होता. क्रिकेटमध्ये सारेच पांढरे कपडे घालीत, त्यामुळे निष्ठा रंगावर नव्हे, नावावर टांगलेली. इंदूरचा होळकर संघ घ्या. सी. के. नायडूंच्या नेतृत्वाखाली तो रणजी करंडकावर हुकमत गाजवत होता. चार वेळा त्याने करंडक जिंकला. मार्च १९४५ मध्ये मुंबईविरुद्धच्या अंतिम सामन्यात इंग्लंडच्या डेनिस कॉम्प्टनने त्याच्याकडून नाबाद २४९ धावा काढल्या होत्या. १९५४-५५ चा अंतिम सामना खेळून तो संघ विरून गेला. संस्थान गेले, नाव गेले. पण तो कोणी विकला नव्हता, काळाने नेला. आयपीएलमध्ये गोष्ट निराळी. २००९ चे अजिंक्यपद मिळवणारा हैदराबादचा डेक्कन चार्जर्स २०१२ मध्ये संपला आणि त्या जागी नवे नाव, नवा रंग आला. पुण्याने तर सात वर्षांत दोन संघ पाहिले. एक २०११ ते २०१३, दुसरा २०१६ आणि २०१७. दोन्ही गेले. कोठे मोर्चा निघाला नाही, कोणी गणवेश लपवून ठेवले नाहीत. याचा अर्थ पुणेकर अरसिक असा नव्हे. ते संघ गावात राहिलेच नव्हते, उतरले होते. पाहुणा गेल्यावर कोणी सुतक पाळत नाही.

तेव्हा माझे मत स्पष्ट सांगतो. मालकाने पैसा घातला असेल तर त्याने करारपत्रे, ट्रक आणि नफा घेऊन जावे. नाव, रंग आणि इतिहास यांना त्याने हात लावू नये. ते गावाच्या सामायिक विहिरीसारखे आहेत. पण हा हक्क सांगणाऱ्या गावाने दोन पथ्ये पाळली पाहिजेत. एक, संघ जिवंत असतानाच मैदानावर जावे; ६,७०२ हा आकडा ध्यानात ठेवावा. दुसरे, आपले गेले म्हणून दुसऱ्याचे आणू नये. आणि आणलेच, तर क्लीव्हलँडचे काय, या प्रश्नाला थंडीचे उत्तर देऊ नये.

आणि नातवाची जर्सी? तिचे काय झाले ते सांगतो. मी नवी घेतली नाही. त्याला बाल्टिमोरच्या वाद्यपथकाची गोष्ट सांगितली, ते धुलाईच्या दुकानातले गणवेश आणि ती दफनभूमी. त्याने डोळे मोठे करून ती ऐकली. मग कपाटातून जुनी जर्सी काढून म्हणाला, “आजोबा, मग हिचा पट्टा डावीकडे आहे तोच बरोबर ना?”

मी म्हटले, “आपण म्हणू तोच बरोबर.”

नरकचतुर्दशीला पहाटे अभ्यंगस्नान झाल्यावर त्याने आजीचा झब्बा घातला, आणि फटाके उडवायला जाताना त्यावर ती जुनी जर्सी चढवली. सौ. माझ्यावर अजून रागावलेली आहे.